परत आलेली नऊ पाकिटं

टपालखात्यात चौतीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला सहकारी 'नकाशा' म्हणायचे. शहराच्या उत्तरेकडच्या चार वस्त्यांत कुठली गल्ली कुठे निघते, कुठल्या इमारतीचा मागचा जिना कायम बंद असतो, कुठल्या घरातल्या आजी दार उघडायला पाच मिनिटं घेतात, सगळं त्यांना खडान्खडा माहीत. निवृत्त झाल्यावरही खोड काही गेली नाही. भाजी आणायला निघाले की वाटेतल्या टपालपेट्यांवरची नावं वाचत जायचे आणि घरी येऊन सांगायचे, कोपऱ्यावरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्याची पाटी पुसट झालीय, कुणीतरी रंगवायला हवी. "अहो, भाजी कुठंय?" बायको विचारायची. भाजी बहुतेक वेळा दुकानातच राहिलेली असायची.

घरात नवरा-बायको, मुलगा, सून आणि नात. नात पोटात असताना इतकी फिरायची, की सूनबाईने तेव्हाच तिचं नाव भिंगरी ठेवून टाकलं. जन्मानंतर मात्र ती गप्प पडून असायची. सहा महिने झाले तरी मान धरेना. आठव्या महिन्यात पहिली फिट आली. मग फिटा येतच राहिल्या, दिवसाला दहा, कधी बारा. औषधं बदलली, डॉक्टर बदलले. भिंगरी चार वर्षांची झाली तोवर घरातल्या प्रत्येकाला एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताने बाकीचं सगळं करायची सवय लागली होती.

चौथ्या वर्षी लहान मुलांच्या मोठ्या रुग्णालयातल्या एका डॉक्टरीणबाईंनी तिच्या रक्ताची तपासणी केली. या बाई उपचार कमी आणि संशोधन जास्त करत. तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली, आणि खोलीला लागून काचेपलीकडे प्रयोगशाळा. त्यांनी सगळ्यांना समोर बसवलं आणि कागदावर पेन्सिलीने एक अर्धवर्तुळ काढलं. मेंदू तयार होताना त्याच्या पेशी आतल्या बाजूला जन्मतात, मग चालत चालत बाहेरच्या थरापर्यंत जातात आणि तिथे आपापली जागा घेतात. भिंगरीच्या मेंदूत बऱ्याच पेशी अर्ध्या वाटेतच थांबल्यात. तिच्या एका जनुकात एक अक्षर बदललेलं आहे, बहुधा त्यामुळेच.

"तुम्हाला पटकन समजेल," बाई नकाशांकडे वळून हसल्या, "समजा, एखादं पत्र..."

"पत्राचं राहू द्या," ते म्हणाले. "पेशींचंच सांगा. बहुधा का म्हणालात?"

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. एकाच मुलीत सापडलेला बदल हा पुरावा होत नाही, त्या म्हणाल्या. प्रत्येकाच्या जनुकांत असे कितीतरी बदल असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. तोच जनुक बिघडलेलं आणि मेंदूचं तसंच चित्र असलेलं दुसरं मूल, दुसऱ्या घरातलं, सापडायला हवं. मग दोघांच्याही त्वचेच्या पेशी घेऊन त्यांना उलट्या पावली मूळपेशींच्या अवस्थेत न्यायचं, त्यांच्यापासून मेंदूच्या पेशींचे बारीक गोळे वाढवायचे, आणि त्या नक्की कुठे आणि का थांबतात ते बघायचं. एकाच घराच्या जोरावर एवढं कुणी मानणार नाही.

बदललेलं अक्षर भिंगरीला आई आणि बाबा दोघांकडून आलं होतं. बाबांकडे ते कुठून आलं, हेही पुढच्या महिन्यात कळलं. नकाशांकडून. त्यांच्यात ते साठ वर्षं गुपचूप राहिलं होतं, कधी शिंकही आली नव्हती त्यापायी. त्या दिवशी ते जेवले नाहीत. माझ्याकडून गेलं तिच्याकडे, एवढं एकच वाक्य ते दोन-तीनदा बोलले. शेवटी बायकोने ताट त्यांच्यापुढे सरकवलं. "नाकही तुमचंच गेलंय तिच्याकडे. त्याला मी अजून माफ केलेलं नाही. जेवा."

ते जेवले, आणि दुसऱ्या दिवशी एकटेच तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसले. दुसरं घर शोधायला तुम्ही काय करताय, असं त्यांनी बाईंना विचारलं.

बाईंनी खरं ते सांगितलं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी इथल्याच एका वयस्क डॉक्टरांनी अशाच आजाराच्या अकरा मुलांची कार्डं जपून ठेवली होती. त्या काळी जनुकांची तपासणी होत नव्हती. बाईंनी अकराही पत्त्यांवर पत्रं पाठवली. दोन घरांनी नको म्हणून कळवलं. नऊ पाकिटं 'या पत्त्यावर कोणी नाही' असा शिक्का घेऊन परत आली.

नकाशांचे कान लाल झाले. तो शिक्का त्यांनी स्वतः हजारो वेळा मारला होता. त्यातले निम्मे खरे, निम्मे जिना चढायच्या कंटाळ्याचे, हे त्यांना जितकं ठाऊक होतं तितकं कुणालाच नसेल.

"ती पाकिटं मला द्या," ते म्हणाले.

इतकं सोपं नव्हतं ते. कुणाचा आजार, कुणाचा पत्ता, असं वाटेल त्याच्या हाती देता येत नाही. रुग्णालयाची पाच जणांची एक समिती होती, ती असल्या गोष्टींना परवानगी द्यायची. तिने दोन महिने घेतले आणि अटी घालून होकार दिला. त्यांनी बंद पाकीट ज्याचं त्याच्या हातात द्यायचं, शेजाऱ्याकडे नाही. आजाराबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आग्रह करायचा नाही. आपल्या घरी असं मूल आहे हे सांगायचं नाही, कारण तेही एक प्रकारचं दडपणच. पंधरा दिवसांनी एकदाच जाऊन उत्तर आहे का विचारायचं. समोरच्याने स्वतः बोलावलं तरच तिसऱ्यांदा. नकाशांनी सगळं दोनदा वाचलं आणि सही केली. नियम पाळायची त्यांना अडचण नव्हती, उभा जन्म नियमातच गेला होता. गप्प राहायचं मात्र जड जाणार हे त्यांना त्याच क्षणी कळलं.

गुडघा दुखत होता, तरी ते निघाले. पहिला पत्ता होता तिथे आता गाड्यांचं गॅरेज होतं. समोरच्या न्हाव्याला विचारलं. न्हाव्याला त्या घरातल्या माणसाचं नाव आठवेना, पण त्याच्या टाळूवरचा भोवरा आठवला, आणि त्याचा मेव्हणा बस आगारात कामाला होता हेही. आगारातून नवीन वस्ती कळली, वस्तीतल्या शाळेच्या शिपायाकडून इमारत. पहिलं पाकीट हातात पडायला तीन आठवडे लागले. दुसऱ्याला दीड महिना. "कशाचं पत्र आहे?" सगळे विचारायचे. "पत्र आहे, द्यायचंय," एवढंच उत्तर. बायको चिडवायची, की सरकारने तुम्हाला घरी पाठवलं आणि तुम्ही पुन्हा फुकटात कामाला लागलात. पण रोज सकाळी गुडघ्याला मलम चोळून पट्टा बांधून द्यायची तीच.

आठ महिन्यांत सात घरं सापडली. दोन घरी मूल केव्हाच गेलं होतं. त्यांतल्या एका घरी वडिलांनी पाकीट घेतलं, नाव वाचलं आणि बराच वेळ दारातच उभे राहिले. नकाशाही उभे राहिले. काही बोलायची परवानगी नव्हती. दोन घरांनी कळवलं की आम्हाला आता पुन्हा त्यात पडायचं नाही. दोन घरांनी रक्त दिलं. त्या दोन्ही रक्तांचे निकाल आले त्या दिवशी बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. दोन्ही मुलांत वेगळेच जनुक बिघडलेले होते. त्या घरांना आपल्या मुलाचं नक्की काय झालं ते कळलं, तेवढं चांगलं झालं. भिंगरीचा प्रश्न होता तिथेच राहिला.

सातवं पाकीट एका सोफे दुरुस्त करणाऱ्या बाईंचं होतं.

दुकान एका बोळाच्या टोकाला होतं. पुढे फाटके सोफे, खुर्च्यांचे सांगाडे, कापडाचे तागे, मागे राहायची खोली. बाई पन्नाशीच्या, तोंडात चार खिळे धरून हातोडीने कापड ठोकत होत्या. मधलं दार उघडं होतं. आत खिडकीपाशी सव्वीस-सत्तावीस वर्षांचा त्यांचा मुलगा बसला होता. त्याची खुर्ची कुठल्याही दुकानात मिळणारी नव्हती. दोन्ही बाजूंनी मऊ उश्या, डोक्याला आधार देणारी अर्धगोल गादी, छातीवरून कातडी पट्टा, आणि पाय टेकायला तिरकी फळी. मुलगा बोलत नव्हता, पण हातोडीच्या तालावर बोटं हलवत होता. नकाशांची नजर त्याच्या मानेवर गेली आणि तिथेच खिळली. भिंगरी मान अशीच डावीकडे टाकायची.

बाईंनी खिळे तळहातावर काढले, पाकिटावरचा रुग्णालयाचा शिक्का बघितला आणि म्हणाल्या, "ठेवा तिथे. वाटलं तर वाचेन, नाहीतर खुर्चीत भरेन."

पंधराव्या दिवशी ते पुन्हा गेले. पाकीट फोडलेलं होतं. बाईंनी ते वाचलं होतं हे उघड होतं, कारण ते घड्या पडून मऊ झालं होतं. उत्तर आहे का, नकाशांनी विचारलं.

"आधी तुम्ही सांगा, तुम्ही कोण?" बाई म्हणाल्या. "नुसते टपालवाले तुम्ही नाही. लोक माझ्या मुलाकडे बघतात आणि नजर काढून घेतात. तुम्ही त्या दिवशी त्याची मान बघितलीत, मग उशी बघितलीत, मग पुन्हा मान. असं कोण बघतं ते मला कळतं."

"मला सांगायची परवानगी नाही," नकाशा म्हणाले.

"मग घेऊन या परवानगी," बाई म्हणाल्या आणि खिळे पुन्हा तोंडात धरले.

ते तडक रुग्णालयात गेले. समितीची बैठक चार दिवसांनी होती. लांबट टेबलाभोवती पाच जण बसले होते, नकाशा उभे. तुम्ही आत गेलातच कसे, एकाने विचारलं. दार उघडं होतं, ते म्हणाले. मग नजर आवरता आली नाही का, दुसऱ्याने विचारलं. नाही आली, ते म्हणाले, आणि ती चूक माझीच आहे. पण त्या बाईंनी मला सरळ प्रश्न विचारलाय. खोटं बोलायला मला कुणी सांगितलेलं नाही, आणि खरं बोलायची मनाई आहे. यातून वाट तुम्हीच काढा. बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं, की समोरच्याने आपण होऊन विचारलं तर स्वतःच्या घरचं सांगावं, तेवढंच. दुसऱ्या कुणाचं नाही, आणि त्यापुढे मागणी कसलीही नाही.

दुसऱ्या दिवशी ते बोळाच्या टोकाला पोचले, दुकानाच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "माझी नात आहे. साडेपाच वर्षांची. भिंगरी म्हणतो तिला."

बाई आत जाऊन पाण्याचा पेला घेऊन आल्या, स्वतःही पायरीवर टेकल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. मुलगा दोन वर्षांचा असताना रुग्णालयातल्या लोकांनी त्याचं रक्त नेलं, फोटो काढले, डोक्याचं माप घेतलं, पुन्हा रक्त नेलं. प्रत्येक वेळी म्हणायचे, कळलं की सांगू. मुलाचे वडील रोज टपालपेटी बघायचे. वर्षभराने ते बघायचे थांबले. पुढे घर बदललं, नवरा वारला. "मला राग कसला आहे माहितीये? त्यांना काही सापडलं नसेल, मान्य. पण सापडलं नाही एवढं तरी येऊन सांगायचं. आम्ही काही मोठं मागितलं नव्हतं."

नकाशांना त्या प्रत्येक वाक्याला मान डोलवावीशी वाटली, पण ते स्वस्थ बसले.

"रक्त देईन, कातडीही देईन," बाई म्हणाल्या. "पण दर तीन महिन्यांनी कुणीतरी या पायरीवर येऊन सांगायचं. काही झालं असेल तर काय झालं ते, आणि झालं नसेल तर झालं नाही ते. तोंडाने. पत्र नको."

हे वचन आपल्या हातातलं नाही, असं सांगून नकाशा परत फिरले. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की त्या वयस्क डॉक्टरांच्या हाताखालीच आपण शिकलो, आणि त्या मुलांची मापं घ्यायला आपणही एक-दोनदा हजर होतो. त्यांनी बाईंची अट कागदावर लिहून घेतली, खाली सही केली, आणि एका बाईंसाठीच कशाला, सगळ्याच घरांना लागू करू म्हणाल्या. सांगायला जाणार कोण, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

मुलाचं रक्त आलं. पाच आठवड्यांनी निकाल लागला. तोच जनुक. अक्षर दुसऱ्या जागचं, पण जनुक तोच. डॉक्टरीणबाईंनी फोन केला तेव्हा नकाशा भाजीच्या दुकानात होते. पिशवी तिथेच ठेवून ते घरी आले, सूनबाईंना सांगितलं, आणि सूनबाई भिंगरीला कुशीत घेऊन मोठ्याने रडल्या. आता आपण एकटे नाही, असं काहीतरी त्या म्हणाल्या. सासूबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि नवऱ्याला हळूच विचारलं, "आणि भाजी?"

पुढचं काम सावकाशीचं. दोघांच्याही दंडाच्या त्वचेचा मिरीएवढा तुकडा घेतला. त्यातल्या पेशी मूळपेशींच्या अवस्थेत न्यायलाच चार महिने लागले. भिंगरीच्या पेशी पहिल्या खेपेला मेल्या, पुन्हा सुरुवात करावी लागली. दर तीन महिन्यांनी नकाशा पायऱ्या चढायचे. ज्या घरांनी रक्त दिलं होतं त्या प्रत्येक घरी जायचे. "या वेळी काही नाही. पेशी वाढतायत." पुढच्या वेळी, "या वेळीही काही नाही. एक खेप फुकट गेली." त्यांना वाटलं होतं, असं सांगताना लाज वाटेल. पण लोक नीट ऐकून घ्यायचे, प्रश्न विचारायचे, बसा म्हणायचे. सोफेवाल्या बाई तर तारीख लक्षात ठेवून त्या दिवशी पायरी पुसून ठेवायच्या.

दुसऱ्या फेरीला बाईंनी भिंगरीला घेऊन यायला सांगितलं. सूनबाई तिला घेऊन आल्या. बाईंनी शिंप्याची फीत काढून तिचं माप घेतलं, मानेचं, कंबरेचं, मांडीचं, आणि महिन्याने तिच्या मापाची खुर्ची तयार झाली. खुर्चीपेक्षा मोठी गोष्ट त्या माप घेताना बोलता बोलता झाली. भिंगरीला कुठलं औषध देता, बाईंनी विचारलं. सूनबाईंनी नाव सांगताच बाईंची फीत थांबली. हेच औषध माझ्या मुलाला सात वर्षं देत होते, त्या म्हणाल्या. एकदा दुकानातच मिळालं नाही म्हणून दुसरं दिलं, तर त्याच्या फिटा निम्म्यावर आल्या. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, योगायोग असेल. सूनबाई औषध लगेच बंद करायला निघाल्या होत्या. बाईंनीच त्यांचा हात धरला. "असं एकदम नाही थांबवायचं. आधी त्या डॉक्टरीणबाईंना विचार."

डॉक्टरीणबाईंनी ते हसण्यावारी नेलं नाही. दोन्ही मुलांचे जुने कागद मागवले, फिटांच्या डॉक्टरांना सोबत बसवलं, आणि बारीक नजर ठेवून सहा आठवड्यांत भिंगरीचं औषध हळूहळू बदललं. दिवसाला दहा फिटा यायच्या त्या आठवड्याला दोन-तीनवर आल्या. भिंगरी जागी राहू लागली. आवाज आला की त्या दिशेला डोळे फिरवू लागली. आजोबांनी टाळी वाजवली की एकदा इकडे, एकदा तिकडे. आजोबांचे तळहात लाल व्हायचे, पण ते थांबायचे नाहीत.

दोन वर्षं पुरी व्हायला आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नकाशांना आणि सोफेवाल्या बाईंना प्रयोगशाळेत बोलावलं. दोघांनाही निळे अंगरखे आणि टोप्या घालायला लावल्या. बाईंची टोपी सारखी कपाळावर घसरत होती, आणि हे कापड कुणी शिवलंय असं त्या पुटपुटत होत्या. बशीत मेंदूच्या पेशींचे गोळे होते, पांढुरके, मिरीच्या दाण्याएवढे. हा काही मेंदू नाही, डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं, याला विचार नाही, दुःख नाही. मेंदू पहिल्या महिन्यांत कसा घडतो याची ही थोडीशी ओळख. मग पडद्यावर चित्रं दाखवली. पहिल्या चित्रात कुणा निरोगी माणसाच्या पेशी. हिरवे ठिपके आतून निघून बाहेरच्या कडेला जाऊन दाटीने बसलेले. दुसऱ्यात भिंगरीच्या, तिसऱ्यात बाईंच्या मुलाच्या. दोन्हींत हिरवे ठिपके अर्ध्या वाटेत गोळा झालेले.

मग डॉक्टरीणबाईंनी चौथं चित्र लावलं. या पेशीही तुमच्या मुलाच्याच, त्या म्हणाल्या, पण यांतलं बदललेलं अक्षर आम्ही दुरुस्त केलंय. बाकी काहीही बदललेलं नाही.

हिरवे ठिपके कडेपर्यंत पोचले होते.

सोफेवाल्या बाई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. बोट लावायचं नाही हे लक्षात ठेवून त्यांनी हात पाठीमागे बांधले होते. "म्हणजे मी गरोदर असताना जड उचललं त्याने झालं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कधीच नव्हतं."

"सासूबाई म्हणायच्या. मीही म्हणायचे, मनातल्या मनात. अठ्ठावीस वर्षं." त्या वळल्या. "माझ्या मुलात हे दुरुस्त होईल का आता?"

डॉक्टरीणबाईंनी तिथेही खरं तेच सांगितलं. पेशींचं चालणं जन्माआधीच संपतं, तुमच्या मुलाच्या किंवा भिंगरीच्या मेंदूत ते आता मागे नेता येणार नाही. पण आजार कशाने होतो हे आता पक्कं झालं. कुठलं औषध द्यावं आणि कुठलं टाळावं, हे या गोळ्यांवर तपासता येईल. पुढच्या मुलांना पाच-पाच वर्षं चुकीच्या औषधात घालवावी लागणार नाहीत. बाईंनी ते सगळं ऐकलं आणि मान हलवली. नकाशांना माहीत होतं की असंच उत्तर येणार. घरून निघतानाच त्यांनी मनाची तयारी केली होती. तरी चष्मा पुसायला त्यांनी अंगरखा वर केला, तर तिथल्या मुलीने लगेच दटावलं, की निर्जंतुक आहे तो.

संशोधन छापून आलं त्याला आता वर्ष होत आलं. आजाराला नाव मिळालं, लांबलचक, भिंगरीच्या आजीला अजून नीट उच्चारता येत नाही. दुसऱ्या दोन देशांतून डॉक्टरांची पत्रं आली, त्यांच्याकडेही तोच जनुक बिघडलेली तीन मुलं निघाली. त्या मुलांची औषधं तपासली जातायत. सोफेवाल्या बाई आणि सूनबाई रोज फोनवर बोलतात, निम्मं मुलांविषयी आणि निम्मं एकमेकींच्या सासवांविषयी.

भिंगरी नऊ वर्षांची झाली. चालत नाही, बोलत नाही. पण आपल्या खुर्चीत ताठ बसते आणि आजोबा दारातून आत आले की हसते. ते हसू फिटेचं नाही, ओळखीचं आहे, हे फिटांच्या डॉक्टरांनीही मान्य केलंय. आजोबांना ते विचारायची गरज वाटली नव्हती.

नऊमधली दोन पाकिटं अजून पोचायची आहेत. एक कुटुंब दूरच्या गावी गेलं एवढं कळलंय, दुसऱ्याचा माग अजिबात लागत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्या, असं मुलगा वर्षभर मागे लागलाय. करू, नकाशा म्हणतात. पण त्या गावाला गुरुवारी एकच बस जाते, आणि ती सकाळी सव्वासातला सुटते. या गुरुवारचं तिकीट त्यांनी काढून ठेवलंय.